समुद्रातले तेल-वायूचे प्लॅटफॉर्म मोडीत निघतात तेव्हा : कोकण किनाऱ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उरणपासून मालवणपर्यंत मच्छीमार सोसायट्यांच्या बैठकांत, ‘हायवर’, म्हणजे मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, नोकरी केलेल्या माणसांच्या घरी आणि कधी नुसते जेटीवर उभे असताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानी पडतात, ते येथे एकत्र केले आहेत. अनेक ठिकाणी परदेशांतील अनुभवाचा आधार घ्यावा लागला आहे, कारण आपल्याकडे हे काम आता कुठे सुरू होत आहे. ते मोठ्या प्रमाणावर सुरू होण्याआधीच किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याची भाषा शिकून घ्यावी, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

प्लॅटफॉर्म ‘निवृत्त’ करतात म्हणजे नेमके काय करतात?

पाण्यावर दिसणारी लोखंडी इमारत हा प्लॅटफॉर्मचा फक्त वरचा भाग होय. तिच्याखाली समुद्रतळापर्यंत गेलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा असतो, त्याला या धंद्यात ‘जॅकेट’ म्हणतात, आणि हे जॅकेट तळात खोलवर ठोकलेल्या पाइलांनी जखडलेले असते. त्याच्या पोटातून विहिरींच्या नळ्या खाली जातात आणि बाजूने पाइपलाइनी निघतात. मोडीत काढायचे म्हणजे आधी सर्व विहिरी कायमच्या बुजवायच्या, मग टाक्या आणि नळ्या धुऊन त्यांतले तेल, वायू व रसायने काढायची, पाइपलाइनी रिकाम्या करायच्या, वरचा डेक क्रेन-बार्जने उचलायचा, जॅकेट तळाखाली कापून काढायचे आणि शेवटी तळ तपासून तेथे काही पडलेले राहिले नाही याची खात्री करायची. एका मोठ्या प्लॅटफॉर्मला या सगळ्यास काही वर्षे लागतात. लोकांच्या डोळ्यांत भरते ती क्रेनची उचल. खरे निर्णायक काम विहिरींत होते.

मुंबई हाय बंद होणार आहे का?

इतक्यात नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला असलेले हे क्षेत्र १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने शोधले आणि १९७६ च्या मे महिन्यात तेथून तेल निघू लागले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस उत्पादनाने शिखर गाठले आणि त्यानंतर ते पुष्कळ घटले. जुन्या क्षेत्रात तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वर्षागणिक वाढते, आणि एक दिवस पाणी वेगळे करण्याचा व यंत्रणा चालू ठेवण्याचा खर्च तेलाच्या किमतीला गाठतो. क्षेत्र संपते ते बहुधा असे, तेलाचा शेवटचा थेंब निघाल्याने नव्हे. तो दिवस लांबवण्यासाठी पुनर्विकासाचे टप्पे झाले, आणि २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने बीपी या कंपनीला उत्पादन वाढवण्यासाठी तांत्रिक भागीदार म्हणून निवडले.

असे असले, तरी क्षेत्र चालू राहणे आणि त्यातला प्रत्येक प्लॅटफॉर्म चालू राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत उभारलेले विहिरींचे प्लॅटफॉर्म साधारणपणे २५ वर्षांचे आयुष्य धरून बांधलेले होते. डागडुजी करून आणि पुन्हा पुन्हा तपासून त्यांचे आयुष्य वाढवले गेले आहे. खाऱ्या पाण्यातल्या लोखंडाचे वय किती लांबवता येईल यालाही मर्यादा असते, म्हणून क्षेत्र जिवंत असतानाच त्यातली एकेक जागा रिकामी करण्याची वेळ येणार आहे.

आपल्याकडे आजवर असे काम झाले आहे का?

झाले आहे. मुंबईच्या उत्तरेला, गुजरातच्या बाजूस असलेल्या मध्य व दक्षिण ताप्ती या वायुक्षेत्रातले उत्पादन थांबल्यावर तेथील विहिरी बुजवून पाच विहीर-प्लॅटफॉर्म काढण्याचे काम हाती घेतले गेले आणि समुद्रातली जागा रीतसर मोकळी करण्याचा तो भारतातला पहिला मोठा प्रकल्प मानला जातो. ताप्तीचे पाणी उथळ आहे, म्हणून तेथे जे जमले ते मुंबई हायवर तसेच जमेल असे गृहीत धरू नये. तरीही येथील खलाशी, वेल्डर आणि अभियंते यांना या कामाचा पहिला हात तेथेच बसला.

काही वेळा प्लॅटफॉर्म निवृत्त होत नाही, तो नष्ट होतो. २७ जुलै २००५ रोजी, महामुंबई पुरात बुडालेली असताना, तेथे कामाला असलेले एक सहाय्यक जहाज मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मच्या रायझरवर, म्हणजे तळातून वर येणाऱ्या वायूच्या नळीवर, आदळले. आग लागली आणि सुमारे दोन तासांत तो प्लॅटफॉर्म कोसळला. २२ माणसे गेली. कोकणातल्या कित्येक घरांत तो दिवस आजही कालचा वाटतो.

विहीर सिमेंटने बुजवली की काम संपले, असे समजायचे का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

विहीर म्हणजे एकात एक बसवलेल्या पोलादी नळ्या, आणि नळीच्या बाहेर खडकापर्यंत भरलेले सिमेंट. तेलाच्या थराच्या वर निसर्गाने एक अभेद्य थर घातलेला असतो, ज्यामुळे तेल-वायू लाखो वर्षे तेथे अडून राहिला. विहीर खणताना आपण त्या थराला भोक पाडतो. बुजवायचे म्हणजे ते भोक त्याच थराच्या पातळीला, खडकापासून खडकापर्यंत, सिमेंटने पुन्हा बंद करायचे. वरून नळीत सिमेंट ओतले आणि झाकण लावले, एवढ्याने हे साधत नाही, कारण वायू नळीच्या बाहेरच्या फटीनेही चढतो. म्हणून निदान दोन स्वतंत्र अडसर घालतात, त्यांवर दाब देऊन पाहतात, आणि मगच वरची नळी समुद्रतळाच्या खाली कापतात. ब्रिटनमध्ये अशा अडसरासाठी किमान १०० फूट लांबीचे चांगले सिमेंट असावे, असा प्रघात आहे. ब्रिटनच्या उत्तर समुद्रात मोडीत काढण्याच्या एकूण खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग विहिरींवरच जातो, यावरून हे काम किती नाजूक आणि खर्चिक आहे ते कळते.

मुंबई हायचा तेलसाठा चुनखडीच्या खडकात आहे आणि दाब टिकवण्यासाठी तेथे वर्षानुवर्षे समुद्राचे पाणी आत सोडले गेले आहे. उत्पादन थांबल्यावर साठ्यातला दाब तसाच राहत नाही, तो हळूहळू पुन्हा भरून येऊ शकतो. त्यामुळे बुजवताना शांत वाटलेली विहीर दहा वर्षांनीही शांत असेल, असे तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. खराब बुजवलेल्या विहिरीतून बहुधा मिथेन गळतो, जो वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवणारा वायू आहे.

वेळेवर न बुजवलेल्या विहिरीचे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत लुइझियानाच्या किनाऱ्याजवळ आहे. २००४ च्या आयव्हन वादळात तळाचा चिखल घसरला, त्याने तेथील एक प्लॅटफॉर्म उलथवला आणि विहिरींची तोंडे चिखलाखाली गाडली गेली. त्यांतून पाझरणारे तेल २०१९ मध्ये तेथे संकलन-यंत्रणा बसेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षे, समुद्रात जात राहिले. आपल्या किनाऱ्याला निसर्ग आणि तौक्ते या वादळांनी दोन वर्षांत दोनदा झोडपले आहे. न बुजवलेल्या जुन्या विहिरी उभ्या ठेवून वाट पाहत राहणे हा खर्च वाचवण्याचा मार्ग नव्हे, असे मला वाटते ते यामुळे.

समुद्राखालच्या पाइपलाइनींचे काय करतात?

बऱ्याच देशांत त्या धुऊन, पाण्याने भरून, तोंडे बंद करून तळातच गाडलेल्या ठेवतात, कारण उपसून काढताना तळाची अधिक नासधूस होते. हे मान्य करण्याजोगे आहे, परंतु दोन अटींवर. पाइप खरोखर गाडलेला राहिला पाहिजे आणि तो दर काही वर्षांनी पाहिला गेला पाहिजे. आपल्या समुद्राला भरती-ओहोटीची ओढ जोरदार आहे. पाइपाखालची वाळू सरकते, पाइप उघडा पडतो, मधेच अधांतरी लोंबतो, आणि मग त्यात ट्रॉलचे, म्हणजे तळावरून ओढायच्या जाळ्याचे, फळे अडकतात.

पाइपलाइन किती लांबवर झळ पोचवते, हे रायगडच्या लोकांना सांगायला नको. १७ मे १९९३ रोजी मुंबई हायहून उरणला येणारी मुख्य तेलवाहिनी फुटली आणि तेलाचा तवंग मुरूडच्या किनाऱ्यापर्यंत येऊन लागला. ती चालू पाइपलाइन होती. बंद पाइपलाइनीत तेवढे तेल नसते, पण नीट न धुतलेल्या नळीच्या सखल भागात जे साचून राहते तेही एखाद्या खाडीची कालवे आणि तिवरे खराब करायला पुरेसे असते.

प्लॅटफॉर्म कापताना मासळीवर आणि कासवांवर काय परिणाम होतो?

कापण्याची पद्धत कोणती, यावर ते अवलंबून आहे. जॅकेटचे पाय स्फोटकांनी कापले तर काम झटपट होते, पण पाण्यातून जाणारा धक्का जवळच्या माशांना मारतो. घोळीचा भोत ज्यांनी हाताळला आहे त्यांना हे लगेच समजेल. माशाच्या पोटातली ही हवेची पिशवी दाबाच्या धक्क्याने फुटते, आणि ज्या माशांना ती असते त्या सर्वांना हा धोका असतो. कासवे आणि डॉल्फिन यांच्या फुप्फुसांना व कानांना इजा होते. हिऱ्याचे दाणे बसवलेल्या तारेने किंवा वाळूमिश्रित पाण्याच्या प्रचंड दाबाच्या झोताने कापले, तर वेळ आणि पैसा जास्त लागतो, पण हा धक्का टळतो.

ऑलिव्ह रिडले कासवे वेळास, आंजर्ले, गुहागर, वेंगुर्ले या किनाऱ्यांवर हिवाळ्यात अंडी घालायला येतात आणि पिल्ले उन्हाळ्याच्या तोंडाशी समुद्रात शिरतात. २०२२ च्या जानेवारीत वेळासला ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह-खूण बसवली गेली, आणि त्यानंतर कोकणातल्या आणखी मादींवरही. किनाऱ्यावरून परतलेले कासव पुढे किती दूरच्या पाण्यात फिरते, हे त्यातून प्रत्यक्ष दिसू लागले. त्यामुळे ‘प्लॅटफॉर्म किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटर दूर आहेत, कासवांचा काय संबंध’ हा युक्तिवाद टिकत नाही.

दुसरा धोका तळात आहे. विहिरी खणताना निघालेला दगडाचा चुरा आणि त्याबरोबरचा खणकामाचा चिखल प्लॅटफॉर्मखाली साचतो, आणि जुन्या काळच्या चिखलात तेलाचा अंश असू शकतो. पाय उपसताना तो ढवळला जातो. जुन्या नळ्यांच्या आतल्या पापुद्र्यात रेडियमसारखी किरणोत्सारी द्रव्ये अल्प प्रमाणात जमलेली असतात, काही वायुक्षेत्रांत पारा असतो, जुन्या रंगांत शिसे आणि जुन्या इन्सुलेशनमध्ये ॲस्बेस्टॉस. काढण्यापूर्वी यांतले काय किती आहे ते मोजून जाहीर केले पाहिजे.

मोजणे किती आवश्यक आहे हे १९९५ च्या ब्रेंट स्पार प्रकरणाने दोन्ही पक्षांना शिकवले. तेल साठवण्याचा तो तरंगता मनोरा अटलांटिकमध्ये बुडवण्याची शेल कंपनीची योजना ग्रीनपीसच्या आंदोलनामुळे मागे घ्यावी लागली. त्याचे तुकडे पुढे नॉर्वेत धक्का बांधायला वापरले गेले. मात्र त्यात उरलेल्या तेलाचा आपला अंदाज चुकीचा होता, हेही ग्रीनपीसला कबूल करावे लागले. आंदोलनाचा मूळ मुद्दा बरोबर होता, तरी चुकीच्या आकड्याने त्याचे नुकसान झाले. आपण बोलताना हे लक्षात ठेवावे.

प्लॅटफॉर्मच्या पायांशी मासळी भरपूर असते. मग ते पाय तसेच ठेवले तर मच्छीमारांचा फायदा नाही का?

हा प्रश्न तांडेल, म्हणजे बोट चालवणारी मंडळी, हमखास विचारतात, आणि त्यात तथ्य आहे. चिखलाच्या सपाट तळावर उभ्या राहिलेल्या लोखंडी सांगाड्यावर कालवे, शिंपले, स्पंज, मऊ प्रवाळ चढतात. त्यांच्यामागे लहान मासे येतात, आणि त्यांच्यामागे तांब, हेकरू, मोडुसा, कुपा. हर्णैच्या बंदरात मी एकदा जाळ्यातून आलेला जेमतेम हातभर लांबीचा लोखंडी पट्टा पाहिला होता. गंज कुठे दिसतच नव्हता, इतकी कालवे त्यावर थरावर थर बसली होती, आणि एका खोबणीत बोटाएवढा खेकडा जिवंत होता. पाऊणशे मीटर उंचीच्या जॅकेटवर केवढी वस्ती असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

अमेरिकेत लुइझियाना राज्याने १९८६ पासून निवृत्त प्लॅटफॉर्मांची कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याची योजना राबवली आणि मेक्सिकोच्या आखातात आजवर पाचशेहून अधिक सांगाडे अशा रीतीने ठेवले गेले. कॅलिफोर्नियाच्या प्लॅटफॉर्मांभोवतालची मत्स्यनिर्मिती जगातल्या अतिशय समृद्ध सागरी अधिवासांच्या तोडीची आहे, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

तरीही हे उदाहरण जसेच्या तसे कोकणात आणू नये, असे माझे मत आहे. प्लॅटफॉर्मजवळ मासळी दिसते त्याचे एक मोठे कारण म्हणजे तेथे मासेमारीला बंदी असते. बंदी उठली आणि सांगाडा राहिला, तर तो मासे गोळा करून देणारा सापळा ठरू शकतो, आणि जवळ असलेल्या मोठ्या बोटी दोन हंगामांत तो रिकामा करतील.

खोलीचाही प्रश्न आहे. अर्धवट ठेवलेल्या सांगाड्यावर किमान ५५ मीटर मोकळे पाणी असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मुंबई हायवर पाणी सुमारे ७५ मीटर, म्हणजे आपल्या भाषेत चाळीस वाव. त्यातून ५५ मीटर वजा केले की तळाशी उरतात २० मीटरचे बुंधे. वरच्या उजेडाच्या पाण्यातली वस्ती, जिच्यामुळे मासळी येते, ती जवळजवळ सगळी कापली जाते, आणि ट्रॉल अडकायला बुंधे मात्र राहतात.

शिवाय कोकणापुढे एक नैसर्गिक प्रवाळ पठार आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक पाण्याखाली सुमारे २० मीटरवर पसरले आहे. लोखंडी सांगाड्यांबरोबर परक्या जाती सरकतात. ब्राझीलमध्ये सूर्यप्रवाळाची परकी जात प्लॅटफॉर्म आणि रिग यांच्या आधारे पसरून स्थानिक खडकांवर चढली. उपऱ्या जातींची तपासणी न करता सांगाडे ओढून इकडे-तिकडे नेणे आंग्रियाच्या दृष्टीने घातक ठरेल.

सगळे काढलेच पाहिजे, असा कायदा आहे का?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या ६० व्या कलमाप्रमाणे सोडून दिलेली बांधकामे नौकानयनाच्या सुरक्षेसाठी काढली पाहिजेत, आणि तसे करताना मासेमारी व सागरी पर्यावरण यांचा विचार झाला पाहिजे. भारताने १९९५ मध्ये या करारास मान्यता दिली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९८९ च्या ठरावानुसार ७५ मीटरपेक्षा कमी खोलीत उभे असलेले आणि डेक वगळून ४,००० टनांपेक्षा हलके असलेले बांधकाम पूर्ण काढावे. १ जानेवारी १९९८ नंतर उभारलेल्यांसाठी ही खोली १०० मीटर आहे. आपल्या पश्चिम समुद्रातले बरेचसे विहीर-प्लॅटफॉर्म या मर्यादेच्या आत किंवा अगदी तिच्या काठावर येतात. युरोपच्या ईशान्य अटलांटिकमध्ये १९९८ पासून नियम आणखी कडक आहेत. भारतात २००८ चे समुद्रातील तेल-वायू कामांच्या सुरक्षेचे नियम लागू आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे.

खर्च कोणी करायचा?

ज्याने तेल काढले त्याने. तत्त्व इतके सरळ आहे. अडचण अशी की खर्च येतो तेव्हा उत्पन्न थांबलेले असते. म्हणून पैसा आधीच बाजूला काढावा लागतो. भारतात १९९९ च्या ‘साइट रिस्टोरेशन फंड’ योजनेनुसार कंपन्या स्टेट बँकेतल्या वेगळ्या खात्यात यासाठी रक्कम ठेवू शकतात आणि त्या रकमेवर, नफ्याच्या २० टक्क्यांच्या मर्यादेत, आयकरात वजावट मिळते. म्हणजे या खर्चाचा काही वाटा करदाते उचलतातच. पश्चिम समुद्रातली मुख्य कंपनी सरकारी मालकीची असल्यामुळे उरलेल्यातलाही मोठा वाटा शेवटी जनतेचाच आहे, आणि म्हणून जमा रक्कम व अंदाजित खर्च यांचा मेळ दरवर्षी लोकांसमोर मांडला जावा, ही मागणी रास्त ठरते.

पैसा बाजूला काढला नाही तर काय होते, ते ऑस्ट्रेलियात दिसले. तिमोर समुद्रातल्या ‘नॉर्दर्न एंडेव्हर’ या तरंगत्या उत्पादन-जहाजाची मालक कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि जहाज व विहिरी सरकारच्या गळ्यात पडल्या. सरकारने २०२१ पासून तेथील सर्व तेल-वायू उत्पादकांवर बॅरलमागे ४८ सेंट कर बसवला. मोठ्या कंपनीने म्हातारे क्षेत्र लहान कंपनीला विकायचे आणि लहान कंपनीने हात वर करायचे, ही वाट आपल्याकडे उघडी राहता कामा नये. क्षेत्र विकले गेले तरी मूळ उत्पादकाची जबाबदारी संपू नये.

मुंबई हायच्या रॉयल्टीतून कोकणाला काही मिळते का?

नाही. राज्यघटनेच्या २९७ व्या कलमानुसार सागरी पाण्याखालची खनिजे केंद्राच्या मालकीची आहेत. तेल केंद्राचे आणि तवंग किनाऱ्याचा, अशी ही विभागणी आहे. मोडीत काढण्याच्या कामात किनाऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई कोणत्या निधीतून आणि किती दिवसांत मिळेल, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून घेतले पाहिजे.

प्लॅटफॉर्म गेल्यावर ५०० मीटरची बंदी उठेल का?

प्लॅटफॉर्मभोवतीचे ५०० मीटरचे सुरक्षा-क्षेत्र बांधकामाशी जोडलेले असते, त्यामुळे ते गेल्यावर बंदीचे कारण उरत नाही. पण जाळे टाकण्याआधी तळ खरोखर मोकळा आहे का ते पाहावे. चाळीस-पन्नास वर्षांत प्लॅटफॉर्मवरून पडलेले मचाणांचे पाइप, साखळ्या, तारदोर तळाशी असतात. उत्तर समुद्रात काम संपल्यावर प्रत्यक्ष ट्रॉल ओढून तळ तपासण्याची पद्धत आहे, आणि त्यासाठी मच्छीमारांच्याच बोटी लावल्या जातात. ती पद्धत येथे आणणे सहज शक्य आहे. जाळे लागून फाटले तर नाखव्याचे नुकसान जाळ्यापुरते नसते. फेरीचे डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा हे सगळे त्याबरोबर बुडते.

हे काम कोणत्या महिन्यांत होणार? मासेमारीच्या हंगामात अडथळा येईल का?

येईल, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. जड उचलीला शांत समुद्र लागतो. पावसाळ्यात क्रेन-बार्ज पश्चिम समुद्रात उभे राहू शकत नाहीत, म्हणून काम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मे या काळात होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेनंतर सगळे बंदर समुद्रात उतरते. म्हणजे उघडिपीचे जे महिने बार्जना लागतात, तेच महिने मच्छीमारांच्या वर्षाच्या कमाईचे असतात. बार्ज, टग, नांगरांच्या लांब तारा आणि पुरवठा-जहाजांच्या फेऱ्या यांमुळे ५०० मीटरच्या बाहेरचाही बराच पट्टा अडतो. कोणत्या आठवड्यात कोठे काम आहे, हे सोसायट्यांना मराठीत, नकाशासह, हंगामाच्या आधी कळले पाहिजे. आदल्या दिवशी वायरलेसवर सांगितलेले उपयोगाचे नाही, कारण बोट तेव्हा आठ-दहा दिवसांच्या फेरीला निघून गेलेली असते.

‘हायवर’ काम करणाऱ्यांच्या नोकऱ्यांचे काय?

जुहूहून हेलिकॉप्टरने जाणारे, चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी अशी पाळी करणारे कोकणातले कितीतरी वेल्डर, फिटर, रिगर, स्वयंपाकी आहेत, आणि त्यांतले बहुतेक ठेकेदारांकडे आहेत. मोडीत काढण्याच्या कामाला हीच कौशल्ये लागतात, त्यामुळे काही वर्षे काम वाढेल. परंतु ते एका ठिकाणी एकदाच होणारे काम आहे. उत्पादन चालू असलेला प्लॅटफॉर्म तीस वर्षे घरे चालवतो, तो मोडणारा ठेका दोन हंगामांत संपतो. ठेकेदाराच्या माणसाला विमा, ॲस्बेस्टॉस व किरणोत्सारी पापुद्र्यापासून संरक्षण आणि काम संपल्यानंतरही आरोग्य-तपासणी मिळाली पाहिजे, कारण ॲस्बेस्टॉसचा आजार वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो.

भंगार कोठे जाते? कोकणात यार्ड आले तर चांगलेच नाही का?

पोलाद जवळजवळ सगळे वितळवून पुन्हा वापरता येते, आणि त्याला भाव आहे, पण त्यातून एकूण खर्चाचा लहानसा भागच भरून निघतो. न्हावा येथे माझगाव डॉकने एके काळी याच समुद्रासाठी प्लॅटफॉर्म बांधले, तेव्हा बांधण्याचे ज्ञान या किनाऱ्याला परके नाही. फरसबंद जमीन, सांडपाणी अडवणारे गटार, किरणोत्सारी आणि पारायुक्त कचरा वेगळा ठेवण्याची सोय असलेल्या यार्डात हे काम व्हावे. वाळूवर किंवा खाडीच्या चिखलावर ओढून गॅसकटरने तुकडे करणे मात्र कोकणातल्या कोणत्याही खाडीला परवडणारे नाही. दारूखान्यातल्या जहाजतोडणीच्या परिसराची माती आणि गाळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे स्पष्टीकरण लागणार नाही.

जुने प्लॅटफॉर्म दुसऱ्या कामाला लावता येतात का?

कधी कधी येतात. खुद्द ‘सागर सम्राट’ खणकाम थांबल्यावर उत्पादन-युनिट म्हणून नव्याने सज्ज केले गेले. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळच्या पोर्थोस प्रकल्पात रिकाम्या वायुक्षेत्रात कार्बन डायऑक्साइड साठवण्यासाठी जुना प्लॅटफॉर्म वापरण्याचे ठरले आहे. गंजलेल्या सांगाड्यांना हे लागू होत नाही, आणि ‘पुढे काहीतरी उपयोग करू’ या नावाखाली विहिरी बुजवणे लांबणीवर टाकले जाऊ नये.

पावसाळ्यात किनाऱ्यावर येणारे डांबरगोळे या प्लॅटफॉर्ममुळेच येतात ना?

ज्यांच्या मुलांच्या तळपायांना चिकटलेले डांबर खोबरेल तेल चोळून काढावे लागते, त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तरी सगळा दोष प्लॅटफॉर्मांवर टाकता येत नाही. आपल्यासमोरून टँकरांचा मोठा मार्ग जातो, जहाजे टाक्या धुऊन तेलकट पाणी सोडतात, आणि नैऋत्य वारा ते सारे किनाऱ्यावर आणतो. तेलाची रासायनिक ओळख पटवून ते कोणत्या उगमाचे आहे हे ठरवता येते. म्हणून प्रत्येक क्षेत्राच्या तेलाचा नमुना, विहिरी बुजवण्यापूर्वी, सार्वजनिक संस्थेकडे जतन झाला पाहिजे. पुढे पंधरा वर्षांनी तवंग आला तर तो कुणाचा, हे त्यावरूनच सिद्ध होईल.

गावाने किंवा सोसायटीने आतापासून काय करावे?

जाळे लागले की त्या जागेचे जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, तारीख, खोली, जाळ्याचा प्रकार आणि वर काय आले त्याचे छायाचित्र एका वहीत नोंदवावे. तवंग किंवा बुडबुडे दिसले तर तेही नोंदवावे आणि तटरक्षक दलास १५५४ या क्रमांकावर कळवावे. पाच-सात बोटींनी दोन हंगाम ही नोंद ठेवली, तरी काम सुरू होण्यापूर्वीची समुद्राची स्थिती दाखवणारा पुरावा तयार होतो, आणि बैठकीत तांडेलाचे म्हणणे ‘ऐकीव’ म्हणून बाजूला सारता येत नाही. वही सोसायटीच्या कपाटात ठेवावी आणि तिची एक छायाप्रत जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात देऊन पोच घ्यावी.